फरक

विद्यार्थी संघाची खोली जिन्याखाली होती.
आत शिरताना वाकावं लागायचं,
आणि आमचा अध्यक्ष गणपत हेडाऊ सहा फूट एक.
निवडून आला त्याच दिवशी कपाळाला टेंगूळ,
त्यावर मिरवणुकीतला गुलाल तसाच.

मी खजिनदार.
बाकीची पदं भांडून घेतली, हे उरलं होतं.
"पोरीले द्या बे, पोरी मोजून ठेवतात,"
कोणीतरी म्हणालं,
आणि मी खरंच मोजून ठेवले.
हिरव्या कापडी पुठ्ठ्याची वही, पत्र्याची पेटी,
किल्ल्या दोन :
एक माझ्या ओढणीच्या गाठीत,
एक डोमाजीकडे. तो खोली झाडायचा
आणि सायक्लोस्टाईलचं हँडल आमच्याहून बरं फिरवायचा.
शाई त्याच्या नखांत,
नावं आमची, पत्रकाच्या तळाशी.

अठ्ठ्याऐंशीचा एप्रिल.
कूलरला वाळ्याच्या ताट्या होत्या, पाणी नव्हतं.
फेरतपासणीची फी दुप्पट झाली म्हणून उपोषण,
मंडप उसना, त्याच्या कनातीवर
कुणा दोघांचं "शुभविवाह" तसंच चमकत.
चार दिवस आम्ही त्याखाली घोषणा दिल्या.
पाचव्या दिवशी फी कमी झाली,
म्हणजे दुपटीची दीडपट झाली,
आणि आम्ही फटाके फोडले.

त्याच आठवड्यात पोचम मडावीचं हॉल तिकीट अडलं.
पोचम सिरोंच्याला, पेपर चौदा तारखेला.
हेडाऊ आणि मोमिनपुऱ्याचा इरफान
रात्री साडेदहाला लूनावरून धरमपेठेत,
परीक्षा नियंत्रकांच्या फाटकावर.
साहेब बनियनवर बाहेर आले,
अर्ज दोनदा वाचला,
म्हणाले, "पेन आहे का?"
पेन माझं होतं. ते परत आलं नाही.
त्याची नोंद मी केली नाही.

वर्ष संपलं तेव्हा हिशेबात
अकरा रुपये चाळीस पैसे कमी.
तीन रात्री बेरजा केल्या, उलट्या, सुलट्या.
शेवटी लाल शाईने लिहिलं : फरक.
सही केली. हात थरथरला, तेही सहीत दिसतं.

काल फुटाळ्यापाशी जमलो, सतरा जण.
हॉलचं दार चांगलं आठ फुटी,
तरी हेडाऊ आत येताना वाकला.
पोचम अहेरीहून आला, हेडमास्तर होऊन निवृत्त,
अजून बोलायच्या आधी उभा राहतो.
कोणी डोळ्यांच्या ऑपरेशनचं सांगत होतं,
कोणी मुलगी पुण्याला असते हे तिसऱ्यांदा.
मी वही टेबलावर ठेवली.
जरा शांतता झाली.

"ते पेट्रोल," हेडाऊ म्हणाला, "अर्धा लिटर. सव्वाचार."
"पोचमला तार केली होती," इरफान. "सव्वासहा.
सांगणार होतो तुला, मग परीक्षाच आली."
आणि वसुधा गजभिये,
जी उपोषणात सगळ्यात पुढे बसली होती,
जिचा फोटो पेपरात आला होता,
ती ग्लासात बघत म्हणाली,
"तिसऱ्या रात्री. तर्री-पोहे, चौघांसाठी.
साडेआठ.
माफ कर वो, लय भूक लागली होती."

एवढे हसलो की वेटर थांबून बघायला लागला.

घरी येऊन मी बेरीज केली.
सव्वाचार, सव्वासहा, साडेआठ : एकोणीस.
एकोणीस गेले, आणि कमी फक्त अकरा चाळीस.
म्हणजे कोणीतरी त्या पेटीत
सात रुपये साठ पैसे टाकले होते.
न विचारता. बहुतेक सुटे.

सगळ्यांना फोन केले, रात्रीचेच.
घेणारे तिघेही कबूल,
टाकणारा एकही नाही.

हेडाऊ म्हणाला, "सोड ना आता, छत्तीस वर्षं झाली."
मी म्हटलं, "हो."
मग त्याला विचारलं, डोमाजीचं घर
टेका नाक्याला होतं की पाचपावलीला,
आणि तो बराच वेळ
काही बोलला नाही.

पेनाला टोपण लावलं.
लाल शाईतला तो शब्द
खोडावा असं वाटेना.